कमी गर्दीचा इतिहास

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बोरिवलीचे अरण्य तरी येते, नाहीतर ताडोबाचा वाघ. अमेरिकेतील ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ या खात्याचा पसारा या कल्पनेत मावत नाही. त्याच्या ताब्यातील चारशेहून अधिक स्थळांपैकी रूढ अर्थाची राष्ट्रीय उद्याने केवळ ६३. उरलेल्यांत रणांगणे, स्मारके, जुनी घरे, शाळा, क्वचित एखादे गावही. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी युद्धखात्याकडची रणांगणे या खात्याच्या हवाली केली, १९३५ च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंचे जतन हे राष्ट्राचे धोरण ठरवले, आणि तेव्हापासून डोंगरदऱ्यांइतकाच इतिहासही या खात्याच्या पदरात आहे.

मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात या खात्याच्या कारभारखर्चातून ९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कापण्याचे सुचवले होते. आमचा आक्षेप या आकड्याला आहेच. परंतु त्याहून अधिक तो सोबतच्या कारणमीमांसेला आहे. ती अशी, की पुष्कळशी स्थळे खऱ्या अर्थाने राष्ट्रीय उद्याने नव्हेतच, तेथे थोडे आणि बहुतांशी स्थानिक लोक येतात, सबब ती राज्यांकडे असणे बरे. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसच्या कमरेला असते, हे आम्ही जाणतो. पण हा युक्तिवाद दिसायला इतका समंजस आहे, की तो एका अर्थसंकल्पापुरता जगेल असे आम्हांस वाटत नाही.

कोणती स्थळे, हे त्या परिच्छेदात सांगितलेले नाही. म्हणून एक नाव आम्हीच घेतो. आर्कान्सा राज्यातील लिट्ल रॉक येथील सेंट्रल हायस्कूल. १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या आदेशानुसार या शाळेत शिकायला आले, तेव्हा त्यांना अडवण्यासाठी राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे जवान उभे केले. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कराची तुकडी धाडावी लागली, तेव्हा कुठे ती मुले वर्गात बसली. १९९८ मध्ये काँग्रेसने कायदा करून हे स्थळ राष्ट्राच्या ताब्यात घेतले. आजच्या आर्कान्साच्या हेतूंविषयी आम्हांस काही म्हणायचे नाही. मात्र ज्या प्रकरणात राज्यच आरोपीच्या पिंजऱ्यात होते, त्याची कागदपत्रे राज्याच्याच कपाटात ठेवावीत, ही सूचना करणाऱ्याला ते प्रकरण कळलेले नाही, किंवा फार चांगले कळलेले आहे.

केंद्र तरी कुठे सोवळे आहे, असे कोणी विचारील. नाहीच. कॅलिफोर्नियातील मॅन्झनारच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना डांबले ते केंद्र सरकारनेच. पण १९९२ पासून तेच सरकार ती जागा स्वतःच्या खर्चाने राखते, आणि आपण काय केले ते येणाऱ्याला दाखवते. ही गोष्ट आम्हांस यलोस्टोनच्या गरम फवाऱ्यांहून कमी अद्भुत वाटत नाही.

राहिला गर्दीचा मुद्दा. कॅन्ससच्या माळावर निकोडेमस नावाचे गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी, प्रामुख्याने केंटकीहून येऊन, १८७७ साली ते वसवले. तिथे गर्दी कशी असेल? गोऱ्यांच्या वस्तीपासून लांब, कोणाला नको असलेल्या जमिनीवर ते वसले, हाच तर त्याचा इतिहास. तिकिटांच्या गल्ल्यावर इतिहास मोजायचा, तर ज्यांना आडबाजूला ढकलले त्यांचा इतिहास नेहमीच तोट्यात दिसणार.

आणि राज्ये अशा स्थळांचे काय करतात, याचा दाखला कॅलिफोर्नियातच आहे. मे २०११ मध्ये त्या संपन्न राज्याने आपल्या २७८ उद्यानांपैकी ७० बंद करण्याची यादी काढली. वाचणार होते वर्षाला २ कोटी २० लाख डॉलर. यादीत जॅक लंडनचे ग्लेन एलनचे शेत होते, वीव्हरव्हिलचे चिनी खाणकामगारांच्या काळातले १८७४ चे देऊळ होते. ऐतिहासिक स्थळांनाच त्यात भरपूर जागा मिळाली. स्थानिक संस्थांनी वर्गण्या काढल्या, कारभार अंगावर घेतला. मग जुलै २०१२ मध्ये उघड झाले, की उद्यानखात्याच्या दोन निधींत मिळून ५ कोटी ४० लाख डॉलर कोणाला न सांगता पडून होते. संचालिकेने राजीनामा दिला. याच यादीतल्या प्रॉव्हिडन्स माउंटन्सच्या गुहा जानेवारी २०११ पासूनच बंद होत्या. राखण नसताना चोरांनी तिथल्या तांब्याच्या तारा उपटून नेल्या, आणि गुहा पुन्हा उघडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. कुलूप लावले की खर्च थांबतो, असे मानणाऱ्यांनी त्या दुरुस्तीचे बिल मागवून पाहावे.

केंद्राच्या एकूण खर्चातील दर दोन हजार डॉलरांमागे या खात्याच्या वाट्याला जेमतेम एक-दीड डॉलर येतात. तेवढ्यात २०२४ साली ३३ कोटींहून अधिक भेटी झाल्या. तेव्हा काटकसरीचे सोंग पुरे. लिट्ल रॉक काय किंवा निकोडेमस काय, ही स्थळे काँग्रेसच्या कायद्याने निर्माण झाली आहेत आणि कायद्यानेच रद्द होऊ शकतात. पैसा न देता ती निकालात काढणे हा आडमार्ग आहे. ज्यांना ती नको असतील, त्यांनी एकेका स्थळाचे नाव घालून विधेयक आणावे, आणि त्यावर हजेरीपटानुसार मत द्यावे.