चाकांची खुर्ची : हाताने चालणारी की विजेवर चालणारी?

चाकांची खुर्ची घरात येते ती बहुधा एखाद्या आपत्तीच्या मागोमाग येते. कोणाला पक्षाघाताचा झटका आलेला असतो, कोणाच्या पाठीच्या कण्याला अपघातात इजा झालेली असते, तर कोणाच्या गुडघ्यांनी वयोमानाने साथ सोडलेली असते. रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस उद्यावर येऊन ठेपतो आणि घरातील कर्ता मनुष्य घाईघाईने बाजारात जाऊन एक खुर्ची घेऊन येतो. लग्नाची साडी घ्यायची तर आपण चार दुकाने पालथी घालतो. पायातली चप्पलसुद्धा घालून, दोन पावले चालून पाहतो. परंतु ज्या खुर्चीत एखाद्या माणसाला रोजचे आठ-दहा तास काढावयाचे आहेत, ती मात्र त्याने स्वतः पाहण्यापूर्वीच त्याच्या पलंगाशेजारी येऊन उभी राहते.

अलीकडे या घाईत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या आता आपल्या शहरांतही मिळू लागल्या आहेत. तेव्हा हाताने चालणारी घ्यावी की विजेवर चालणारी, असा विचार घरोघरी सुरू होतो. कोणी म्हणतो, "पैशाची सोय आहे ना? मग विजेचीच घ्या." दुसरा म्हणतो, "विजेची घेतलीत तर उरलेसुरले हातही निकामी होतील." ही दोन्ही उत्तरे खुर्चीकडे पाहून दिलेली आहेत, खुर्चीत बसणाऱ्याकडे आणि त्याच्या दिवसाकडे पाहून नव्हे.

या दोन प्रकारांचा जन्म कसा झाला हे पाहिले तर विचाराला योग्य दिशा मिळते. घडी घालता येणारी पोलादी नळ्यांची खुर्ची अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पुढे आली. खाणीतील अपघातात पाय लुळे झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी ती सिद्ध केली. एव्हरेस्ट यांचे हात धडधाकट होते. त्यांना हवी होती ती मोटारीत ठेवून कोठेही नेता येईल अशी हलकी खुर्ची. विजेच्या खुर्चीची प्रेरणा निराळी होती. दुसऱ्या महायुद्धातून जे सैनिक हात व पाय दोन्ही लुळे होऊन परतले, त्यांच्यासाठी कॅनडातील अभियंता जॉर्ज क्लाइन यांनी ती विकसित केली. म्हणजे एक खुर्ची समर्थ हातांसाठी निर्माण झाली आणि दुसरी, ज्यांच्या हातांत बळ उरले नव्हते त्यांच्यासाठी. एक गरिबांची व दुसरी श्रीमंतांची, असा हा भेद मुळातच नाही.

परंतु या निवडीच्याही आधी एक निवड करावी लागते आणि तीच बहुतेक घरांत नजरेतून सुटते. हाताच्या खुर्च्यांचेही दोन प्रकार आहेत. एकीची मागची चाके मोठी, सुमारे दोन फूट व्यासाची असतात व त्यांच्या बाहेरच्या अंगाला एक कडे बसविलेले असते. ते कडे हातांनी फिरवून बसणारा आपली खुर्ची आपणच चालवितो. दुसरीची चारही चाके लहान असतात. ती मागून कोणीतरी ढकलल्याखेरीज जागची हलत नाही. दुसरी स्वस्त, हलकी आणि मोटारीत सहज मावणारी असल्यामुळे पुष्कळ वेळा तीच घेतली जाते. ज्याला केवळ दवाखान्यात किंवा देवदर्शनाला न्यावयाचे आहे त्याला ती पुरेशीही होते. परंतु ज्याचे हात चांगले आहेत अशा माणसाला कायम तीत बसविणे म्हणजे त्याच्या हातांवरही अपंगत्व लादणे होय. पाण्याचा पेला घ्यावयाचा, खिडकी लावावयाची, दाराशी कोण आले ते पाहावयाचे, तर प्रत्येक वेळी त्याने सुनेला किंवा नातवाला हाक मारावी लागते. पहिल्या महिन्यात हाकेला धावून जाणारे घर सहाव्या महिन्यात थकलेले असते. मग तो माणूस हाक मारणेच सोडून देतो आणि घरचे समजतात की, आता ते शांत झाले आहेत.

खुर्ची कोणतीही असो, ती अंगाला बेतलेली असली पाहिजे. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट शिरेल इतकीच जागा असावी. खुर्ची ऐसपैस असली की माणूस एका अंगावर कलतो आणि चाकांपर्यंत त्याचे हातही नीट पोहोचत नाहीत. बैठकीची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. पाय ठेवण्याच्या पट्ट्या अशा उंचीवर असाव्यात की मांड्या बैठकीला सपाट टेकतील. खाली लोंबणारी कापडी बैठक ही कायम बसण्याची जागा नव्हे. तिच्यावर योग्य गादी हवीच. कण्याच्या इजेमुळे ज्यांच्या कमरेखालची संवेदना गेली आहे, त्यांना एकाच जागी पडणारा दाब कळत नाही. त्वचा लाल होते, मग फाटते आणि ती जखम भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. म्हणून दर अर्ध्या तासाच्या आत दोन्ही हातांवर उचलून, पुढे वाकून किंवा बाजूंना झुकून अंगाचा भार हलविण्याची सवय लावून घ्यावी. विजेची महागडी खुर्चीही या नियमातून सुटका करीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याचे दोन्ही हात, खांदे आणि छाती सशक्त आहेत, ज्याचा वावर मुख्यतः घरात व सपाट जमिनीवर आहे, त्याला हलकी, अंगाला बेतलेली हाताची खुर्ची सहसा उत्तम. ती घडी घालून रिक्षात ठेवता येते, दोघांना उचलून जिन्यावरून नेता येते आणि तिचे पंक्चर कोपऱ्यावरचा सायकलवालाही काढून देतो. पक्षाघाताने एकच बाजू गेली असेल तर चांगल्या बाजूचा एक हात व एक पाय यांच्या साहाय्याने पुष्कळांना ती चालविता येते. मात्र त्यासाठी पाऊल जमिनीला पूर्ण टेकेल इतकी बैठक खाली हवी.

तथापि, हातांची शक्ती ही मुद्दलासारखी आहे. ती किती वर्षे पुरवावयाची याचा हिशेब ठेवला पाहिजे. निसर्गाने खांदा वस्तू उचलण्यासाठी व पोहोचण्यासाठी घडविला, शरीराचा भार दिवसभर वाहून नेण्यासाठी नव्हे. वर्षानुवर्षे हाताची खुर्ची चालविणाऱ्यांत खांद्याचे दुखणे फार आढळते. ज्याच्या खांद्यावर खुर्ची, पलंगावर जाणे, कपडे घालणे, सारेच अवलंबून आहे, त्याचा खांदा गेला म्हणजे पुष्कळ काही गेले. 'तेवढाच व्यायाम होतो' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. व्यायाम हवाच, पण तो भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने निराळा करावा. कामावर पोहोचेपर्यंतच दमून जाणे हा व्यायाम नव्हे.

म्हणून ज्यांचे हात दुर्बळ आहेत, ज्यांना दम लागतो, ज्यांचा आजार हळूहळू वाढत जाणारा आहे किंवा ज्यांना रोज लांबचे अंतर काटावयाचे आहे, त्यांच्यासाठी विजेची खुर्ची ही चैन नव्हे, गरज आहे. हाताजवळची लहानशी दांडी कलविली की ती त्या दिशेला जाते. ज्याला बोटभर हालचालच शिल्लक आहे असा मनुष्यही तिच्या बळावर स्वतः खोली बदलू शकतो, अंगणात जाऊ शकतो, आणि नकोशा बैठकीतून उठून जाण्याचा हक्कही बजावू शकतो.

परंतु ही खुर्ची घराकडून पुष्कळ काही मागते. घडी घालता येणाऱ्या हलक्या नमुन्यांचे वजनही साधारणपणे पंचवीस किलोच्या आसपास असते, आणि पूर्ण आधार देणाऱ्या भारी खुर्च्या शंभर किलोंच्याही पुढे जातात. उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने हा आकडा आधी मनात आणावा. वळण्यासाठी सुमारे दीड मीटर रुंदीची मोकळी जागा लागते. चालविणाऱ्याची नजर आणि भान शाबूत असावे लागते. बॅटरी नियमाने भारित करावी लागते, पावसापासून दांडी व यंत्रणा जपावी लागते आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्चही येतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोण व कोठून येईल? सुटे भाग किती दिवसांत मिळतील? वाटेत बॅटरी संपली तर मोटर सोडवून खुर्ची हाताने ढकलता येते काय?

आणि उंबरठा! आपल्या घरांत उंबरठ्याला मान आहे. परंतु पुढच्या लहान चाकांना तो भिंतीसारखा आडवा येतो. आपल्याकडील सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत उताराचे प्रमाण बारास एक असे सांगितले आहे. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या उंबरठ्याला साठ सेंटिमीटर लांबीची उतरती फळी लागेल, आणि पंधरा सेंटिमीटरच्या दोन पायऱ्यांना साडेतीन मीटरहून अधिक. म्हणून खुर्चीआधी टेप घ्यावी आणि प्रत्येक दार, विशेषतः न्हाणीघराचे, मोजावे. जे दार खुर्चीहून अरुंद आहे त्यातून विजेचे सामर्थ्यही आत जाऊ शकत नाही. कित्येकदा खुर्चीवर खर्चावयाच्या रकमेतून थोडी बाजूला काढून दार रुंद करणे व फळी बसविणे हेच अधिक शहाणपणाचे ठरते.

या दोहोंच्या मधला मार्गही आहे. हाताच्या खुर्चीला पुढून जोडावयाचे मोटरचे चाक आता आपल्या देशात तयार होते. मद्रासच्या आयआयटीत विकसित झालेली 'निओफ्लाय' ही अंगाच्या मापाने बनविलेली खुर्ची आणि तिला जोडावयाचे 'निओबोल्ट' हे वाहन २०२० साली पुढे आले. घरात हाताने, रस्त्यावर विजेने, असा हा मेळ आहे. शासकीय शिबिरांतून दिली जाणारी मोटरची तीनचाकीदेखील कामावर जाणाऱ्यांच्या मोठ्या उपयोगाची आहे. मात्र ती रस्त्यासाठी आहे, स्वयंपाकघरापर्यंत ती येणार नाही, हे लक्षात ठेवावे.

खर्चाची चिंता करणाऱ्या कुटुंबांनी उपलब्ध साहाय्याची चौकशी करावी. साहाय्यक उपकरणांसाठी केंद्र शासनाची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूर येथे १९७२ साली स्थापन झालेले कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ, म्हणजेच 'अलिम्को', अशी उपकरणे तयार करते. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी २०१७ साली 'राष्ट्रीय वयोश्री योजना' सुरू झाली. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून कार्य करीत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. इतर शहरांतही मोठ्या रुग्णालयांतील पुनर्वसन विभागांकडे जाऊन खरेदीपूर्वी तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताच्या खुर्च्यांविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत खुर्ची देण्याच्या कामाच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या. तपासणी, माप, चालविण्याचे शिक्षण आणि पुढची देखभाल या साऱ्यांचा त्यांत समावेश होता. आपण मात्र केवळ खरेदीची पायरी चढून थांबतो.

शेवटी एक साधी रीत सुचवावीशी वाटते. खुर्ची घेण्यापूर्वी एक आठवडाभर वही घेऊन बसावे आणि त्या व्यक्तीला रोज कोठे कोठे जावयाचे होते, कोणाची मदत लागली, वाट कोठे अडली, ते टिपावे. घर, जिना, रस्ता, कामाचे ठिकाण, सारे त्यात यावे. आठव्या दिवशी ती वही घेऊन, तिच्या मालकासह, खुर्ची पाहावयास जावे. शक्य तर ती दोन-चार दिवस वापरून पाहावी.

मात्र वहीतील मजकूर त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेला असावा. मामंजींना काय झेपेल हे सूनबाईंनी, किंवा आईला कोठे जावयाचे आहे हे मुलाने परस्पर ठरवू नये. आपल्याला वाटत असते की त्यांना दवाखान्यापुरतीच खुर्ची हवी आहे. विचारून पाहिले तर एखादे वेळी उत्तर येते की, सकाळी उठून कोणाला न उठविता गॅलरीत जाऊन बसावयाचे आहे. त्या एका उत्तराने कोणती खुर्ची घ्यावी हे निम्मे ठरून जाते; उरलेले निम्मे टेप ठरविते.