विश्लेषण : नाडी ७२, पण ठेका चुकलेला, कामगारांच्या तपासणीत ‘एएफ’ का निसटते?

तळवडेतील एखाद्या प्रेस शॉपमध्ये आरोग्य शिबिर भरते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत रांग लागते. दंडाला डिजिटल यंत्राचा पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर आणि कागदावर तीन आकडे : रक्तदाब, ऑक्सिजन, नाडी. नाडीपुढे ७२ किंवा ८४ लिहिले की पुढचा माणूस खुर्चीत. ते ७२ ठोके सारख्या अंतराने पडले का, हे मात्र बहुतेक वेळा कुणी लिहीत नाही. पक्षाघाताचे एक मोठे कारण नेमके या न लिहिलेल्या गोष्टीत दडलेले असते. त्याचे नाव एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजेच ‘एएफ’.

हृदयाचे ‘वायरिंग’ कसे असते?

हृदयाला बाहेरून वीज लागत नाही. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. विश्रांतीच्या अवस्थेत तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युत संदेश सोडतो. तो संदेश वरच्या दोन कप्प्यांत (अलिंद) पसरतो आणि ते आकुंचन पावतात. मग तो एव्ही नोडपाशी येतो. तेथे सुमारे एक दशांश सेकंद थांबतो. तेवढ्यात वरचे रक्त खाली उतरते. नंतर हिज बंडल आणि पुर्किंजे तंतूंतून संदेश खालच्या कप्प्यांत (निलय) पोहोचतो व रक्त शरीरभर फेकले जाते.

प्रेसवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आधी फीडरने पत्रा पुढे सरकवायचा, मग प्रेस खाली यायची. मधला वेळ चुकला तर डाय गेलीच. एव्ही नोड हा हृदयाचा इंटरलॉक आहे. तो १९०६ मध्ये जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी जर्मनीत काम करताना दाखवून दिला. सायनस नोडचा शोध पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी लावला. हे विद्युत संदेश कागदावर उतरवणाऱ्या ईसीजीसाठी विलेम आइंथोव्हेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षे जुने आहे.

एएफमध्ये नेमके काय बिघडते?

वरच्या कप्प्यांत एका शिस्तबद्ध संदेशाऐवजी अनेक संदेश एकाच वेळी भरकटू लागतात. मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने. मग कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. एव्ही नोड यातले बरेच संदेश अडवतो, पण जे सुटतात ते कसेही सुटतात. म्हणून नाडी कधी लवकर, कधी उशिरा लागते. सरासरी काढली तर आकडा ७२ येऊ शकतो. साधे ऑक्सिमीटर सरासरीच दाखवते, ठेका नाही. काही रक्तदाब यंत्रे अनियमित ठोक्यांची खूण दाखवतात. पण ती खूण पाहून कागदावर उतरवणारा माणूस हवा.

धोका थरथरण्यापेक्षा साचण्यात आहे. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी जोडलेली असते. रक्त नीट पुढे ढकलले गेले नाही तर तेथे गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो, असे दाखवले. काहींना धडधड, दम लागणे, थकवा जाणवतो. अनेकांना काहीच जाणवत नाही.

हा म्हातारपणाचा आजार नाही का?

वयाबरोबर तो वाढतो, हे खरे. उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास अडकणे, दारू ही इतर कारणे. पण भारतात एक वेगळे कारण आहे : लहानपणी घसादुखीनंतर होणारा संधिवाताचा ताप. त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात आणि एएफ तुलनेने कमी वयात गाठते. ४७ देशांतील १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘री-लाय’ नोंदणीत भारतातील जवळपास ३१ टक्के रुग्णांना असा झडपेचा आजार होता. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होते.

औद्योगिक पट्ट्यासाठी आणखी एक धागा महत्त्वाचा. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ८३ हजार लोकांच्या माहितीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कायम रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये एएफचे प्रमाण दिवसपाळीवाल्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त आढळले. यावरून रात्रपाळीनेच आजार होतो असे सिद्ध होत नाही. पण तीन पाळ्यांत चालणाऱ्या तळवडे-चाकण पट्ट्याने याकडे काणाडोळा करू नये.

मग सगळ्यांचा ईसीजी काढायचा का?

नाही. लक्षणे नसलेल्या सर्वांचा ईसीजी काढण्याचा फायदा अजून पुरेसा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये हेच म्हटले. मागणी त्याहून खूप साधी आहे. शिबिरातल्या परिचारिकेने मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटे ठेवून ३० सेकंद नाडी पाहावी आणि कागदावर एक शब्द लिहावा : ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’. अनियमित असेल त्याचाच ईसीजी. प्रत्येक अनियमित नाडी म्हणजे एएफ नव्हे. मधूनच पडणारे जादा ठोके अनेकदा निरुपद्रवी असतात. तो फरक ईसीजी सांगतो.

याला निमित्तही आहे. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करावी, असे केंद्राने तेव्हा सांगितले. पण तपासणी झाली एवढ्याने भागत नाही. तीत काय पाहिले, हे महत्त्वाचे. शिवाय संहितेत आस्थापना म्हणजे सर्वसाधारणपणे किमान दहा कामगार. तळवडेतील पाच-सात माणसांच्या शेडचे काय? आयटी पार्कमधल्या तरुणाच्या मनगटावर ठेका तपासणारे घड्याळ असते. रस्त्यापलीकडच्या पन्नाशीतल्या फिटरच्या मनगटावर निदान तीन बोटे तरी टेकावीत. लघुउद्योजकांनी एकत्र येऊन, महापालिकेच्या दवाखान्यांची मदत घेऊन हे करणे अवघड नाही. ईसीजीसाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहेच.

निदान झाले तर पुढे काय?

वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून डॉक्टर धोका मोजतात आणि गरज असल्यास रक्त पातळ करणारे औषध देतात. या कामी अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्यांना वॉरफेरिनच्या गटातील जुने औषधच बहुधा योग्य. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत ते नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरले. मात्र त्यासाठी ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी वारंवार करावी लागते. म्हणजे कामगाराला दर काही आठवड्यांनी अर्धा दिवस सुट्टी लागणार. ती पगारी नसेल तर चाचणी चुकते, आणि पक्षाघातापासूनचे संरक्षणही जाते.

खरी अडचण येथेच आहे. कंत्राटी कामगाराला वाटते, कागदावर ‘अनियमित’ आले तर उद्या गेटवर ‘अनफिट’ म्हणतील. म्हणून तो सांगत नाही, आणि विचारले तरी ‘काही नाही साहेब’ म्हणतो. ही भीती घालवल्याशिवाय कोणतीही तपासणी अर्धीच. तपासणीचा कागद कामगाराच्या हाती द्यावा, कंत्राटदार बदलला तरी तो त्याच्यासोबत राहावा आणि नुसत्या नोंदीवरून कुणाचे काम जाऊ नये.

कारखान्यात यंत्राचा आवाज बदलला की ऑपरेटर हात वर करतो आणि मेंटेनन्सवाला धावत येतो. उत्पादनाचा आकडा पूर्ण होतोय म्हणून कुणी गप्प बसत नाही. यंत्र चालवणाऱ्या माणसासाठीही तोच नियम लावायला हवा. खर्च आहे अर्ध्या मिनिटाचा आणि अर्जातल्या एका जादा रकान्याचा.