अर्धशक्तीचा विसर

परभणी जिल्ह्यातील सत्तरी उलटलेल्या कोणत्याही माणसास १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारावे, तो प्रथम अन्नाविषयीच बोलू लागतो. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, तेथे मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, ह्यांच्या आठवणी आमच्या लहानपणी घरोघर सांगितल्या जात. आम्ही त्या वेळी पाळण्यात होतो. परंतु ताटात अन्न टाकले असता आईने ‘बहात्तर साल’ एवढे दोनच शब्द उच्चारावे आणि आम्ही मुकाट्याने ताट स्वच्छ करावे, असा आमच्या घरचा रिवाज होता. ज्या प्रांताची स्मृती अशी, त्याच प्रांतात आज भरल्या घरात कित्येक मुले आपण होऊन उपाशी राहू लागली आहेत, आणि वर शरीर मोडेपर्यंत धावू लागली आहेत. त्या वेळच्या उपासमारीस आम्ही आपत्ती म्हणत होतो. ह्या उपासमारीस ‘निग्रह’, ‘शिस्त’, ‘ध्येयनिष्ठा’ अशी गौरवाची नावे देतो. ही नावे खोटी आहेत, ती आजाऱ्यास अधिक आजारी करतात, आणि ती देण्यात आम्हां शिक्षकांचा वाटा लहान नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रारंभ आमच्याच अपराधापासून करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावातून एक मुलगी आमच्या वर्गात शिकावयास आली. तिच्या संमतीने हे लिहीत आहोत. ओळख पटेल असे काही येथे ठेवलेले नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा मोठा समुदाय आमच्या शहरात आहे. दिवस उजाडण्यापूर्वीच मैदाने त्यांच्या पावलांनी वाजू लागतात. ती त्यांतलीच. प्रथम तिने साखर सोडली, मग तेल, मग भात, आणि अखेर सायंकाळचे जेवणच सोडले. मैदानावरचे फेरे मात्र वाढत गेले. वर्गात ती पहिल्या बाकावर बसे. वही नीटनेटकी, उत्तर तत्पर. एके दिवशी आम्ही तिला उभे केले आणि इतरांस म्हणालो, ‘निग्रह कसा असतो तो हिच्याकडून शिका.’

पुढच्याच महिन्यात तिची आई आम्हांस भेटावयास आली. मुलगी जेवत नाही, बोलले तर चिडते, भर चैत्रात अंगावर शाल घेऊन बसते, असे ती सांगत होती. आम्ही पडलो इंग्रजी विद्या शिकलेले! त्या बाईस आम्ही समजावले की, मुलगी ध्येयवादी आहे, तिला अडवू नका. चार महिन्यांनी धावता धावता मुलीच्या नडगीचे हाड चिरले. रुग्णालयात नाडी पाहिली तो ती फार मंद लागली; मासिक धर्म सात महिने बंद असल्याचेही तेव्हाच उघड झाले. आम्ही भेटीस गेलो असता आईने आमच्यावर राग काढला नाही. ती एवढेच म्हणाली, ‘सर, तुम्ही म्हणलात म्हून म्या गप बसले.’ ह्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि अद्यापि नाही.

हे आजकालच्या पिढीचे थेर आहेत असे ज्यांस वाटत असेल त्यांनी थोडा इतिहास पाहावा. रिचर्ड मॉर्टन ह्या इंग्रज वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन १६८९ साली केलेले आहे. सर विल्यम गल ह्यांनी १८७३-७४ च्या सुमारास ह्या विकारास ‘अनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव दिले. अनावर खावयाचे आणि मग वमनाने वा अन्य उपायाने ते काढून टाकावयाचे, ह्या भावंड विकाराचे वर्णन जेराल्ड रसेल ह्यांनी १९७९ साली ‘बुलिमिया नर्व्होसा’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. मानसिक आजारांपैकी ज्यांत सर्वाधिक मृत्यू होतात त्यांत पहिल्या विकाराची गणना आहे. ह्यांच्या जोडीस व्यायामाचे व्यसन पुष्कळदा येते. खर्चाच्या मानाने अन्न न मिळालेल्या खेळाडूची हाडे, रक्त, प्रजननशक्ती व मन ही सर्वच कशी खचतात, ह्याविषयी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली स्वतंत्र निवेदन काढून जगास सावध केले आहे. आणि हे पुरुषांसही लागू आहे.

परंतु ह्या विषयाचे मर्म आम्हांस ज्या एका प्रयोगाने कळले तो येथे सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील उपाशी लोकांस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज ह्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ निरोगी तरुण निवडले. विवेकबुद्धीस पटत नाही म्हणून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. त्यांस सहा महिने नेहमीच्या निम्मे अन्न देण्यात आले, आणि आठवड्यास सुमारे ३५ किलोमीटर चालावयास लावण्यात आले. वजन चौथाईने उतरले. नाडी मंदावली, थंडी सोसवेना. हे अपेक्षितच होते. मनाचे जे झाले ते अपेक्षित नव्हते. धट्टेकट्टे, हसतमुख तरुण एकलकोंडे व चिडखोर झाले. अन्नावाचून दुसरा विचार त्यांस सुचेना. कित्येक जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचीत बसत. पुढे अन्न वाढविले तरी महिनोन् महिने कित्येकांची भूक शमेना. काहींस तर, वजन परत येत असता, आपण लठ्ठ झालो अशी टोचणी लागली. रोज सुमारे ४,००० उष्मांकांचे अन्न मिळू लागले तेव्हा कोठे शरीर खऱ्या अर्थाने भरून येऊ लागले, आणि मनही त्याच्या मागोमाग परतले. हा सारा वृत्तांत १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

ह्यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. उपाशी माणसाचा हट्ट, त्याची चिडचीड, अन्नाविषयीचे त्याचे अष्टौप्रहर चिंतन, ह्यांतील पुष्कळसा भाग त्याच्या स्वभावाचा नसून उपासाचा असतो. ज्यास आम्ही इच्छाशक्ती म्हणून वाखाणतो ती बहुधा रोगाची शक्ती असते. आणि जे उपासाने बिघडले ते केवळ उपदेशाने सुधारत नाही. प्रथम अन्न पोटात गेले पाहिजे. आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग जेवेल, असे म्हणत थांबणे म्हणजे विहिरीत पडलेल्यास प्रथम पोहणे शिकविण्यासारखे आहे.

ह्यावर नाना आक्षेप येतील. पहिला असा की, हे श्रीमंत शहरी मुलींचे चोचले आहेत. आमच्याकडे कुपोषण हाच प्रश्न आहे. कुपोषण आहेच, ह्यात शंका नाही. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आढळले आहे. येथील कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ साली दिले, ते ह्याच कारणास्तव. म्हणजे शास्त्रज्ञांनी भाकरीत लोह घालण्यासाठी वर्षे खर्चावी, आणि आमच्या मुलीने ती भाकरीच ताटाबाहेर सारावी! ज्या अंगात आधीच रक्त थोडे, तेथे हा विकार दुप्पट घातक होय.

दुसरा आक्षेप धर्माचा. उपवास ही आमची परंपरा आहे, असे सांगितले जाते. परंतु एकादशीचा उपवास द्वादशीस सुटतो. हा उपास सुटतच नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास योग साधत नाही असे म्हटले आहे हे सर्वांस ठाऊक असते. मुळीच न खाणाऱ्यासही तो साधत नाही, हे त्याच श्लोकातील अर्धे विधान आम्ही सोयीने विसरतो. आमच्या जिल्ह्यात कितीतरी घरी बुद्धाची प्रतिमा आहे. ती हाडांच्या सापळ्याची नाही. लाहोरच्या संग्रहालयात उपोषणाने अस्थिपंजर झालेल्या सिद्धार्थाचे प्रसिद्ध गांधार शिल्प आहे. कथा सांगते की, त्या मार्गाची व्यर्थता ओळखून त्याने सुजातेची खीर घेतली आणि बोधी त्यानंतर प्राप्त झाली.

तिसरा आक्षेप आम्हांस मैदानावर ऐकावयास मिळतो: व्यायामाने कोणाचे वाईट झाले आहे? ह्यास वाग्भटाने कित्येक शतकांपूर्वी उत्तर देऊन ठेविले आहे. बलवान व स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसाने, तेही थंडीच्या व वसंताच्या दिवसांत, अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा; इतर काळी त्याहूनही थोडा. अतिव्यायामाने तहान, क्षय, दमा, ग्लानी, खोकला, ज्वर होतात असे बजावून, असे साहस करणारा हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असे तो म्हणतो. जुन्या तालमीतही हीच रीत होती. जोर-बैठकांचा आकडा वाढविण्यापूर्वी वस्ताद खुराक विचारीत असे. दूध, तूप, बदाम नसतील तर मेहनतही बेताने. आजचे मैदान फेरे मोजते आणि खुराक विचारीतच नाही. भरतीत मुलींस १०० व ८०० मीटर धावावे लागते आणि गोळा फेकावा लागतो. उपाशी दंडाने गोळा कितीसा दूर जाणार? वजनाच्या काट्याने केवढी माणसे मोडतात हे २०२४ च्या ऑगस्टात साऱ्या देशाने पाहिले. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट ह्यांचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. शोक झाला तो हुकलेल्या पदकाचा; वजन उतरविण्यासाठी त्या मुलीने जी रात्र काढली तिचा शोक किती जणांनी केला?

आता रोगमुक्तीविषयी. पहिली गोष्ट, वैद्यकीय तपासणी. फार दिवसांच्या उपासानंतर एकाएकी पोटभर जेवू घालणे हेही धोक्याचे असते. रक्तातील क्षार उतरून हृदय दगा देऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली अन्न क्रमाक्रमाने वाढवावे, आणि त्यांनी अनुज्ञा देईपर्यंत व्यायाम बंद ठेवावा. दुसरी गोष्ट, घर. पूर्वी पाश्चात्य वैद्यही आईबापांसच दोषी ठरवून दूर ठेवीत. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात ही दिशा बदलली: काही काळ मुलाच्या ताटाची जबाबदारी आईबापांनी घ्यावी, दटावणी न करता, पण माघारही न घेता, प्रत्येक जेवणास सोबत बसावे. वयात येणाऱ्या मुलांत ह्या रीतीस चांगले यश आले आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या आईने हे पुस्तकातून वाचलेले नव्हते. मानसरोगतज्ज्ञांनी तिला ते चार वाक्यांत सांगितले आणि तिने ते वर्षभर पाळले. सकाळी धपाटे व दही, दुपारी भाकरी, वरण, तूप, शेंगदाण्याची चटणी. मधल्या वेळी काहीतरी. रात्री पुन्हा जेवण. मुलगी रडत जेवी. एकेका घासास पाव तास लागे. आई उठत नसे.

तिसरी गोष्ट, जीभ. आणि येथे आपण सर्वच अपराधी आहोत. पूर्वी ‘पोर वाळली’ हे काळजीचे वाक्य होते. आता ‘किती बारीक झालीस!’ हे अभिनंदन झाले आहे. ह्याच्या उलट, ही मुलगी सहा महिन्यांत थोडी सावरली असता लग्नघरी एका नातेवाईक बाईंनी सद्भावाने म्हटले, ‘तब्येत छान सुधारली गं!’ आपल्या भाषेत ह्याचा अर्थ काय होतो हे वाचक जाणतात. मुलगीही जाणत होती. त्यानंतर दोन दिवस तिने अन्नास स्पर्श केला नाही. तेव्हा आमचे सांगणे असे की, कोणाच्या शरीराविषयी बऱ्याचे वा वाईटाचे बोलूच नये. बोलावयास इतर विषय थोडे नाहीत. वधू-वरांच्या जाहिरातींतील ‘सडपातळ’ हा शब्द प्रत्येक सुशिक्षित घराने आपल्यापुरता खोडावा.

लठ्ठपणा व मधुमेह हेही रोग आहेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु एका रोगाचे औषध दुसऱ्या रोग्यास पाजणे हे शहाणपण नव्हे. ताप असताही धावणारे, विश्रांतीचा एक दिवस अपराध मानणारे, जेवणाचा हिशोब फेऱ्यांनी चुकता करणारे मूल दिसले तर त्याची पाठ थोपटू नये. आईबापांस कळवावे, डॉक्टर गाठावे. जेथे मानसरोगतज्ज्ञ जवळ नाहीत त्यांच्यासाठी १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही शासनाची निःशुल्क सेवा २०२२ पासून आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

ती मुलगी त्या वर्षी भरतीस गेली नाही. हाड जुळले, पाळी वर्षभराने सुरळीत झाली, मन सर्वांत शेवटी आले, आणि अद्यापि एखादा दिवस वाईट जातो असे ती सांगते. ती आता मैदानावर जाते ती आठवड्यातून चार दिवस, आणि न्याहारी करून. आम्ही मात्र वर्गात कोणास निग्रहाचा नमुना म्हणून उभे करणे सोडून दिले आहे. कोणाची आई भेटावयास आली तर आम्ही प्रथम तिचे म्हणणे ऐकून घेतो. हे आम्हांस तीस वर्षांच्या अध्यापनाने शिकविले नाही. मुलीपुढे ताट वाढून बसलेल्या एका बाईने शिकविले.