आधी ऐका, मग सांगा

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. जून २०२४ मध्ये, देवळा तालुका ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेथे केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत होऊन भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. कांद्याचा रोष, असा निष्कर्ष सर्वत्र निघाला. परंतु त्याच नोव्हेंबरात चांदवड-देवळ्याने भाजपचे राहुल आहेर यांनाच पुन्हा विधानसभेत धाडले. मतदार चंचल आहे असे म्हणून हात झटकणे सोपे. कारण शोधणे कठीण.

१९६३ साली रजनी कोठारी यांनी दिल्लीत स्थापिलेल्या विकासशील समाज अध्ययन पीठाने हे कठीण काम पत्करले. मतदारयादीतून सोडतीसारखी नावे काढावयाची, नेमक्या त्याच माणसाचे दार गाठावयाचे, मताचा कौल गुप्त चिठ्ठीने घ्यावयाचा, ही तेथील अभ्यासकांची शिस्त. अशा यादीत बागायतदाराइतकीच कांदा काढणारी मजूर स्त्रीही येते. कार्यकर्ता मात्र ओळखीच्याच ओट्यावर बसतो आणि स्वतःचाच प्रतिध्वनी लोकमत म्हणून घेऊन परततो. जनतेला मार्ग दाखवू पाहणाऱ्याने आधी तिचे दार ठोठावले पाहिजे. लोकमत ही कोणत्याही पक्षाची जहागीर नव्हे, आपलीही नव्हे.