आधी ब्रेक, मग वेग
पुण्यात बालेवाडीला २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्या बाइक पाहून कित्येक पोरांनी घरी हट्ट धरला असेल. तो जरूर पुरवा, पण घाई करू नका. पेडल नसलेल्या सायकलवर तोल साधलेलं मूल निम्मं काम करूनच येतं. मग यामाहाच्या पीडब्ल्यू ५० सारखी गाडी घ्यावी. ५० सीसीचं इंजिन, क्लच नाही, गिअर बदलणं नाही, दोन्ही ब्रेक हँडलवर, आणि एक्सिलेटर किती फिरू द्यायचा हे ठरवणारा एक स्क्रू, जो मोठ्यांच्याच ताब्यात राहावा. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. शाळेच्या गणवेशासारखी वाढत्या अंगाची बाइक किंवा हेल्मेट घेणं हा शुद्ध अविचार आहे. पहिल्या दिवशी इंजिन बंदच ठेवा. गाडी ढकला आणि मुलाला फक्त ब्रेक दाबू द्या. कारण मूल घाबरलं की मूठ आवळतं, मनगट खाली वळतं, एक्सिलेटर आणखी पिळला जातो आणि थांबायच्या ऐवजी गाडी सुसाट सुटते. हे सगळं बंदिस्त ट्रॅकवर किंवा स्वतःच्या मोकळ्या रानात. रस्त्यावर मुळीच नाही. तिथे अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर मोटार वाहन कायद्याने पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.