परतलेल्या घंटा आणि आपला वारसा

फिलिपाईन्समधील बालांगिगा गावाच्या चर्चला १५ डिसेंबर २०१८ रोजी आपल्या तीन घंटा परत मिळाल्या. सप्टेंबर १९०१ मध्ये तेथील ग्रामस्थांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला होता. त्याचा सूड म्हणून सैन्याने गाव जाळले आणि चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या. दोन घंटा अमेरिकेतील वायोमिंगच्या लष्करी तळावर होत्या, तिसरी दक्षिण कोरियातील अमेरिकन छावणीत. घंटा परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाताळापूर्वीच्या पहाटेच्या मिस्सांना प्रारंभ झाला.

हे वाचताना कुर्ल्यातील भाविकांच्या मनात सहज प्रश्न येतो : आपला कोणता ठेवा परदेशी आहे? कुर्ला हे जुन्या साष्टी बेटातील गाव. येथील होली क्रॉस चर्च मूळचे पोर्तुगीज काळातील असून १८४८ मध्ये ते पुन्हा बांधले गेले. परंतु आपला सर्वांत मोलाचा ठेवा धातूचा नाही, शब्दांचा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पुढे १६४९ व १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या; पण त्या तीनपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. त्यांपैकी देवनागरी लिपीतील एक महत्त्वाचे हस्तलिखित लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२५ च्या सुमारास ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली आणि ग्रंथ सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला.

या दोन उदाहरणांत भेद आहे. बालांगिगाच्या घंटा शस्त्रबळाने नेलेल्या होत्या आणि त्यांचे चर्च त्यांची वाट पाहत होते. लंडनचे हस्तलिखित लुटून नेले, असे पुराव्यावाचून म्हणणे न्यायाचे होणार नाही. अशा वेळी मूळ वस्तूपेक्षा तिच्या उत्तम प्रतिमा, अभ्यासाची मुभा आणि काही काळ प्रदर्शनासाठी ती येथे आणणे, ही मागणी अधिक रास्त ठरते. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेली वाघनखेही तीन वर्षांच्या मुदतीवरच आली होती.

हाच मापदंड स्वतःलाही लावला पाहिजे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही आहेत. त्याही युद्धातील लूटच. मग त्या परत मागाव्यात काय? त्यांची मूळ चर्चे आज वसई किल्ल्यात भग्नावस्थेत आहेत. आणि अडीचशेहून अधिक वर्षे त्या घंटांशी इतर भाविकांची श्रद्धा जोडली गेली आहे. शिवाय बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत पोर्तुगीजांनी चर्च थाटले होते, हेही आपण विसरू नये. हिशेब एकतर्फी नसतो.

चर्चनेही असे आत्मपरीक्षण केले आहे. १९२५ च्या मिशन प्रदर्शनाच्या काळात रोमला आलेल्या कॅनडातील आदिवासींच्या ६२ वस्तू पोप लिओ चौदावे यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाच्या बिशपांकडे सोपवल्या, त्या त्यांच्या समाजांकडे जाव्यात म्हणून.

म्हणून मागणी करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : वस्तू कशी गेली, ती कोणाची होती, आणि आज तिची वाट पाहणारे कोणी आहे काय? वसईच्या घंटांपुरते बोलायचे तर त्या जेथे आहेत तेथेच राहोत. मात्र त्या कोठून आल्या हे सांगणारा एक साधा फलक शेजारी लागावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. सत्य सांगितले गेले की सलोखा दुबळा होत नाही, उलट दृढ होतो.

आणि एक काम आपल्याच हाती आहे. धर्मग्रामातील जुन्या बाप्तिस्मा व विवाहनोंदी, घरातील हस्तलिखित प्रार्थना, आजीच्या तोंडची गाणी वाळवी व विस्मरण यांपासून वाचवणे. परदेशात गेलेला ठेवा निदान जपलेला असतो. घरात हरवलेला कोणाकडून परत मागणार?