धक्का वाचवणारी माणसं

सुट्टीत धाकट्या बहिणीकडे पर्थला गेलो होतो. तिथून सव्वादोनशे किलोमीटरवर बसल्टनचा लाकडी धक्का पाहिला. १८६४ मध्ये बांधायला घेतलेला, आज १,८४१ मीटर लांब. टोकाला गोल जिना उतरत पाण्याखाली आठ मीटरवर जाता येतं. काचेपलीकडे खांबांवर रंगीत पोवळी वाढलेली, त्यांच्यातून माशांच्या झुंडी फिरत होत्या. जहाजं लागावीत म्हणून ठोकलेले खांब माशांचं घर झाले होते.

हा धक्का १९७२ मध्ये जहाजांना बंद झाला. १९७८ च्या चक्रीवादळात त्याचा मोठा भाग वाहून गेला, तेव्हा उरलेला पाडायचं घाटत होतं. गावकरी अडून बसले. त्यांनी वर्गणी काढली, सरकारलाही पैसा घालायला लावला.

मला कोकणातला माझा वर्ग आठवला. खलाशांची नातवंडं, पण मासा ओळखतात तो ताटातला. रत्नागिरीच्या मत्स्यालयात नेलं की काचेला नाक लावून उभी राहतात. आमच्या गावची जुनी जेटी मात्र ढासळतेय. शादीखान्यासाठी जमातीत दोन बैठकांत वर्गणी जमली. जेटीचा विषय निघाला की, "ते सरकारचं काम."

सरकारचं आहेच. पण मागणारं कुणी नसेल तर सरकार कशाला हलेल? ज्या जेटीवरून आपले आजोबा गलबतावर चढले, तिच्यासाठी पहिला अर्ज आपणच द्यायला हवा. माझा लिहून तयार आहे, सह्या हव्या आहेत.